वर्गमित्रांची पुनर्भेट

महाविद्यालय सोडून वीस-पंचवीस वर्षे लोटली, की एखाद्या दिवशी अनपेक्षितपणे एक निरोप हाती येतो. पूर्वी तो पोस्टकार्डावर येत असे, हल्ली तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो. मजकूर मात्र बहुधा एकच असतो. ‘आपल्या वर्गाने एकदा एकत्र जमावे, असे काही जणांच्या मनात आहे. तू येणार ना?’ हा निरोप वाचताच मनात आनंदाची लहर उमटते. वसतिगृहाचा व्हरांडा, खाणावळीतली पातळ आमटी, परीक्षेच्या आदल्या रात्री एका पुस्तकाभोवती बसलेली चार डोकी, असे पुष्कळ काही डोळ्यांपुढून सरकून जाते. परंतु त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसराही एक भाव येऊन उभा राहतो. तो संकोचाचा असतो. केस किती उरले आणि पोट किती सुटले, एवढ्यापुरताच तो असता तर हसून सोडून देता आला असता. पण तो अधिक खोल जातो आणि विचारतो, ‘तिथे जाऊन तू काय झालास म्हणून सांगणार?’

आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या भावाविषयी. अशा मेळाव्यांची जी वर्णने आपण वाचतो वा ऐकतो ती आनंदाने भरलेली असतात. आणि त्यात नवल नाही, कारण ती आलेल्या मंडळींनी लिहिलेली असतात. जे आले नाहीत ते काही लिहीत नाहीत. ते का आले नाहीत, हेही सहसा कोणी विचारीत नाही. ‘वेळ नसेल,’ असे म्हणून आपण पंगतीला बसतो.

प्रथम थोडे शब्दांविषयी. आपल्याकडे ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभासाठी रूढ आहे. माजी विद्यार्थ्यांच्या एकत्र येण्याला आपण ‘स्नेहमेळावा’ म्हणतो. दोहोंतही ‘स्नेह’ आहे. संस्कृतात स्नेह म्हणजे प्रेम, तसेच स्नेह म्हणजे तेलही. फार दिवस न हललेली बिजागरी करकरते, आणि तेलाचे दोन थेंब पडले की दार पुन्हा सहज फिरू लागते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. एका गुरूपाशी शिकलेल्यांना संस्कृतात ‘सतीर्थ्य’ असा स्वतंत्र शब्द आहे; मराठीत आपण ‘गुरुबंधू’ म्हणतो. शिक्षण संपवून घरी परतण्याच्या प्रसंगाला आपल्या पूर्वजांनी ‘समावर्तन’ या नावाने सोळा संस्कारांत स्थान दिले. पुन्हा एकत्र येण्याचा संस्कार मात्र त्या सोळांत नाही. तो ज्याचा त्याने करावयाचा असतो, आणि तो कसा करावा व कसा करू नये, हे सांगणाऱ्या दोन कथा आपल्या परंपरेत आहेत.

पहिली कथा द्रोण आणि द्रुपद यांची. भरद्वाजांच्या आश्रमात हे दोघे एकत्र शिकले, एकत्र खेळले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला. द्रोण विद्वान होता, पण घरात दारिद्र्य. जुन्या मैत्रीच्या आशेने तो द्रुपदाच्या सभेत गेला तेव्हा, मैत्री बरोबरीच्यांत होते, राजा आणि याचक यांच्यात होत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. त्या एका उत्तराची परिणती काय झाली, हे आपण जाणतोच. द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणविले व त्याचे अर्धे राज्य घेतले. द्रुपदाने सुडासाठी यज्ञ करून धृष्टद्युम्न मिळविला. आणि द्रोणाचा अंत कुरुक्षेत्रावर त्याच धृष्टद्युम्नाच्या हातून झाला. एका फसलेल्या पुनर्भेटीने किती घरे उद्ध्वस्त व्हावीत!

दुसरी कथा कृष्ण-सुदाम्याची. तिच्यातील पोहे आपल्या इतके परिचयाचे झाले आहेत, की त्या भेटीतील संभाषण आपण विसरून गेलो आहोत. भागवतात कृष्णाने आपल्या जुन्या मित्राला जे विचारले ते पाहण्याजोगे आहे. गुरुगृहाहून परतल्यावर अनुरूप पत्नी मिळाली का, हा प्रश्न आरंभीच येतो! संसाराची चौकशी करण्याची हौस आजच्या मंडळींनाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. पण त्यानंतर कृष्ण आठवण काढतो ती सांदीपनींच्या आश्रमातील एका रात्रीची: गुरुपत्नीने सरपण आणावयास पाठविले होते, वादळ आले, पाऊस कोसळला, अंधारात वाट हरवली आणि दोघे जण एकमेकांचा हात धरून रानात फिरत राहिले. ‘हल्ली तुझी प्राप्ती किती?’ हा प्रश्न त्या संभाषणात कोठेच नाही. राजवाड्यात संकोचून बसलेल्या त्या ब्राह्मणाला कृष्णाने त्या रानात नेले, आणि रानात दोघांचीही योग्यता सारखीच होती. वर्गमित्रांच्या भेटीचे सारे शास्त्र या एका प्रसंगात आले आहे, असे मला वाटते.

पुराणांतून इतिहासाकडे यावे, तर सहाध्यायांचा संबंध केवळ आठवणी काढण्यापुरता नसतो, याची साक्ष पुण्यातच मिळते. १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली आणि पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था सरकारने १९३४ साली बंद केली. तेव्हा तिच्या माजी विद्यार्थ्यांनी हळहळ व्यक्त करून स्वस्थ बसणे पत्करले नाही. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १९३९ साली ती संस्था पदव्युत्तर अध्ययनाची व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडली. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया यांच्यासारखे विद्वान त्याच वर्षी तेथे दाखल झाले. महाराष्ट्राच्या समाजाविषयी आणि प्रागैतिहासिक काळाविषयी आज आपल्याला जे ज्ञान आहे, त्यातील फार मोठा भाग त्या पुन्हा उघडलेल्या दारातून आला आहे.

याच महाविद्यालयात टिळक आणि आगरकर यांची मैत्री जमली. दोघांनी मिळून देशाच्या शिक्षणाचे स्वप्न पाहिले. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद झाले, आणि ते वरवरचे नव्हते. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व १८८८ साली ‘सुधारक’ काढला. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. दोघांनी एकमेकांवर लेखणीचे प्रहार केले. तरीही १८९५ साली आगरकर अकाली गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. विरोधक आपल्याला पुष्कळ मिळतात. पण ज्याने आपले पहिले स्वप्न पाहिले आहे असा विरोधक एकच असतो, आणि तो गेला की आपल्याच तारुण्याचा साक्षीदार जातो.

आज माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांना एक नवे महत्त्व आले आहे. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणारी ‘नॅक’ ही राष्ट्रीय परिषद १९९४ साली स्थापन झाली. तिच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग ही एक बाब आहे. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांची नोंदणीकृत संघटना असावी, त्यांच्या सभा व्हाव्यात, त्यांच्या देणग्यांची नोंद राहावी, याकडे महाविद्यालये पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देतात. कोणाची देणगी कधी फार मोठी असते. नंदन नीलेकणी यांनी मुंबईच्या आयआयटीशी आपला संबंध जुळून ५० वर्षे झाली त्या निमित्ताने २०२३ साली तिला ३१५ कोटी रुपये दिले, हे आपल्या स्मरणात असेल. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु संस्थेचा माजी विद्यार्थी असणे आणि कोणाचा तरी वर्गमित्र असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. संस्थेला आपल्या कर्तृत्वाचा अभिमान वाटणे योग्यच आहे. वर्गमित्राला आपल्या कर्तृत्वाशी काही कर्तव्य असू नये. ही सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय होते, ते मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो.

ती चूक सांगण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करू. असे मेळावे पाच-दहा वर्षांनी न भरता वीस-पंचवीस वर्षांनी का भरतात? पदवीनंतरची पहिली दहा-पंधरा वर्षे माणूस चढण चढत असतो. नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, यांत मागे वळून पाहण्यास उसंत नसते. आणि खरे सांगायचे तर त्या वयात वर्गमित्राची बातमी ऐकताना मनात थोडी तुलना चालूच असते. चाळिशीच्या मध्यावर चढण संपते. काय व्हायचे ते बहुतेक होऊन गेलेले असते, काय व्हायचे नाही हेही कळून चुकलेले असते. मुले महाविद्यालयात जाऊ लागतात आणि त्यांच्या दप्तरांतून आपले जुने दिवस डोकावू लागतात. मानसशास्त्रज्ञांनाही एक गोष्ट आढळून आली आहे. प्रौढ माणसांना आयुष्यातील आठवणी सांगावयास सांगितल्या, तर वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात. त्या काळात पुष्कळ गोष्टी प्रथमच घडतात, आणि आपण कोण आहोत हेही त्याच काळात ठरत असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास सुरू झाला व तो पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. उतारवयातील आरोग्य व समाधान यांचा जिव्हाळ्याच्या संबंधांशी निकटचा संबंध असतो, हा त्याच्या निष्कर्षांतील एक ठळक निष्कर्ष होय.

असे संबंध भांडणाने तुटतात त्यापेक्षा किती तरी अधिक नुसते सुटून जातात. आम्ही पदवी घेतली तेव्हा वर्गातील थोड्याच जणांच्या घरी दूरध्वनी होता. निरोपाच्या वहीत आम्ही एकमेकांचे पत्ते लिहून घेतले, त्यांत शेजारच्या वाण्याचा नाहीतर डॉक्टरांचा क्रमांक देऊन पुढे ‘पी. पी.’ असे लिहिलेले असे. वाण्याने दुकान बंद केले, डॉक्टर गावातून गेले, आणि तेवढ्यावर मैत्री थांबली. विद्यार्थिनींच्या बाबतीत तर याहून अवघड. लग्नानंतर आडनाव बदलले, काहींचे पहिले नावही सासरी बदलले. महाविद्यालयाच्या दप्तरी नोंदलेली मुलगी जणू त्या नावासह नाहीशीच झाली. जे आमच्यासारखे नोकरीसाठी महाराष्ट्राबाहेर गेले, त्यांचे आणखी निराळे. भोपाळला, गुवाहाटीला, हैदराबादला मला ओळखणारे पुष्कळ होते. पण ते माझ्या दारावरील पाटीला ओळखत होते. इंदूरच्या होळकर महाविद्यालयात किंवा नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकून आज दिल्ली-कलकत्त्याकडे स्थायिक झालेल्या मराठी श्रोत्यांना मी काय म्हणतो ते सहज समजेल. पाटी नव्हती तेव्हाचे आपण कोणाच्या तरी लक्षात आहोत, ही जाणीव परक्या गावी फार मोठा आधार असते.

आता माझ्या चुकीविषयी. आमच्या बी. ए.च्या वर्गाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि मेळावा भरवावा असे ठरले. मी केंद्र सरकारच्या लेखा खात्यात नोकरीला आहे. रकाने आखणे हा आमचा नित्याचा व्यवसाय. तेव्हा सर्वांची माहिती मागविणारे पत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे यावे, हे ओघानेच आले. मी ते दोन तासांत पुरे केले. संपूर्ण नाव, सध्याचे पद व हुद्दा, कार्यालय अथवा व्यवसायाचे नाव, विशेष यश व पुरस्कार, पती अथवा पत्नीचा व्यवसाय, मुलांचे शिक्षण. असे सहा रकाने. त्यावरून एक स्मरणिका छापावी, अशी योजना होती. पत्रक नेटके झाले म्हणून मनाला थोडी धन्यताही वाटली.

वर्गात आम्ही बावन्न जण होतो. महिनाभरात एकोणीस पत्रके भरून आली. मुख्याध्यापक, बँकेचा शाखाधिकारी, पोलीस अधिकारी, पुण्यातील संगणक कंपनीत मोठ्या पदावर असलेला एक जण, दुबईला स्वतःचा व्यवसाय असलेला दुसरा. ज्यांच्या रकान्यांत लिहिण्याजोगे काही होते, त्यांचीच पत्रके आली होती. एकच पत्रक निराळे होते. तर्कशास्त्रात वर्गात पहिली येणाऱ्या विद्यार्थिनीचे ते होते. तिने पहिल्या रकान्यात माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहिली होती. पुढील तीन रकान्यांत, सरकारी तक्त्यांत लिहितात त्याप्रमाणे, एकच शब्द तीनदा लिहिला होता: ‘निरंक’. हा शब्द मी कचेरीत रोज वाचतो. या सदराखाली दाखविण्याजोगे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या अक्षरातील टिपणे उतरवून घेऊन आम्ही निम्मा वर्ग उत्तीर्ण झालो, त्या अक्षरात तो वाचला तेव्हा मला पुढील पत्रक उघडवेना.

आणि ज्याचे पत्रक सर्वांत आधी येईल असे मी धरून चाललो होतो, त्याचे आलेच नाही. शेवटच्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता. माझी घरची मनिऑर्डर आली नव्हती. त्याने खाणावळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून माझे शुल्क भरले आणि पुढे दोन आठवडे तो गावाहून एसटीने येणाऱ्या डब्यावर राहिला. असा हा मित्र. त्याला दोनदा निरोप पाठविला, उत्तर नाही. पुढे कामानिमित्त त्या भागात जाणे झाले, तेव्हा सरळ त्याच्या घरी गेलो.

तो तालुक्याच्या गावी राहतो. एम. ए. झाला, सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि गेली सोळा वर्षे दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्या श्रोत्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकविले तेवढ्यांचे मानधन. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती किंवा त्याहूनही थोडी. वेतनश्रेणी नाही, सुटीचे वेतन नाही, आणि पुढील वर्षी बोलावणे येईलच याची शाश्वती नाही. पात्रता असूनही अशा रीतीने वर्षानुवर्षे शिकवीत राहिलेले अनेक जण आज महाराष्ट्रात आहेत.

चहा झाल्यावर मी विचारले, ‘पत्रक का नाही पाठवलंस?’

तो हसला. म्हणाला, ‘अरे, भरायला बसलो होतो. पण हुद्दा काय लिहू? जूनमध्ये असतो, एप्रिलमध्ये नसतो. तुझ्या रकान्यात महिना लिहायला जागा नव्हती.’

त्याच्या बोलण्यात कडवटपणा यत्किंचितही नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. निघताना मी परीक्षेच्या शुल्काचा विषय काढला. ‘ते तू दिलेस की परत,’ तो म्हणाला. मी ते दिले होते असे मला आठवत नाही. आणि पैशांच्या नोंदी लक्षात ठेवणे हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे.

परत आल्यावर मी ते पत्रक रद्द केले व दुसरे काढले. त्यात तीनच प्रश्न ठेवले. आपण आता कोणत्या गावी असता? वर्गातील कोणाची कोणती आठवण आपल्याला सांगाविशी वाटते? ज्यांचा पत्ता आम्हांला लागलेला नाही अशा कोणाचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक आहे काय? या पत्रकाला बावन्नांपैकी एक्केचाळीस जणांची उत्तरे आली. ‘निरंक’ लिहिणाऱ्या बाईंनी दोन पाने लिहून पाठविली. त्यांत माझ्याविषयी एक आठवण होती, ती मी येथे सांगणार नाही.

मेळावा आम्ही महाविद्यालयाच्या जुन्या वर्गातच भरविला. कचेरीतील लिपिकांनी फार खटपट करून आमच्या तृतीय वर्षाचे हजेरीपत्रक शोधून दिले. तर्कशास्त्राचे आमचे प्राध्यापक आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिल्या अनुक्रमांकापासून नावे वाचावयास आरंभ केला. एकेक जण बाकावरून उठून ‘येस सर’ म्हणू लागला. हुद्दा कोणी सांगितला नाही, कारण कोणी विचारलाच नाही. पहिले गैरहजर नाव आले तेव्हा वर्ग गप्प झाला. सर चष्म्यावरून पाहत म्हणाले, ‘तुम्ही एकमेकांची प्रॉक्सी लावीत होता हे मला तेव्हाही कळत होते. आज तिला परवानगी आहे.’ मग जो आला नव्हता त्याच्या वतीने कोणीतरी उभे राहू लागले. तो सैन्यात आहे, रजा मिळाली नाही. तिची आई रुग्णालयात आहे. त्याचा पत्ता लागला नाही, पण त्याने मला सायकल शिकविली. तीन जण आता या जगात नाहीत; त्यांच्या नावांनाही कोणी ना कोणी उठून उत्तर दिले. माझा मित्र तासिका संपवून दुपारी आला. त्याचा क्रमांक केव्हाच पुकारून झाला होता आणि त्याची प्रॉक्सी मी लावलेली होती. सरांनी हजेरीपत्रक पुन्हा उघडले व त्याला स्वतः उत्तर द्यावयास लावले.

पुढील संभाषणांचा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा होता. आरंभी थोडा वेळ नोकरी-व्यवसायाचे बोलणे झालेच. ते अगदी टाळावे असे माझे म्हणणे नाही. त्यानंतर मुले, त्यांचे प्रवेश, त्यांची परदेशी जाण्याची ओढ. त्यानंतर आईवडिलांची आजारपणे. आणि दिवस कलता कलता ज्या गोष्टी सहसा कोणी कोणाला सांगत नाही, त्या निघू लागल्या. शाखाधिकाऱ्याचा मुलगा शिक्षण अर्धवट सोडून घरी बसला आहे. दुबईच्या व्यवसायावर मोठे कर्ज आहे. आणि आमच्या तर्कशास्त्राच्या विदुषीने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची अकरा वर्षे शुश्रूषा करता करता गल्लीतील किती तरी मुलांना दहावीचे गणित शिकविले. तिच्या त्या कामासाठी माझ्या पत्रकात सदरच नव्हते. यशाचे रकाने भरून माणसे एकमेकांपासून दूर बसली असती. रकाने गेले म्हणून ती जवळ आली.

आपल्यापैकी कोणी असा मेळावा भरविण्याच्या विचारात असतील, तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. यादी करावी ती हजेरीच्या क्रमाने, हुद्द्यांच्या क्रमाने नव्हे. वर्गणी सर्वांना झेपेल एवढीच ठेवावी; ज्यांना अधिक देता येईल त्यांनी ते निमूटपणे द्यावे व त्याचा आकडा जाहीर करू नये. महागड्या विश्रामस्थानापेक्षा जुना वर्ग बरा. तेथील बाक सर्वांना सारखेच टोचतात. विद्यार्थिनींचा शोध माहेरच्या नावाने व माहेरच्या गावी घ्यावा, आणि दिवस ठरविताना त्यांची सोय प्रथम पाहावी. जे वारले त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन यावे. शिक्षकांबरोबरच शिपाई आणि ग्रंथालयातील सेवक यांनाही बोलवावे. आपली खरी कीर्ती त्यांनाच अधिक ठाऊक असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचे उत्तर आले नाही त्याला तिसरा निरोप पाठवू नये. त्याच्या घरी जावे.

द्रुपदाने द्रोणाला सभेत भेट दिली, कृष्णाने सुदाम्याला जुन्या रानात नेले. आपल्या घरी वर्गाचे एखादे जुने छायाचित्र असेलच. ते आज काढावे. पुढील रांगेतील चेहरे आपल्याला ओळखू येतील, त्यांची खबरबातही ठाऊक असेल. मागील रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धवट दिसणारा एक चेहरा असेल. त्याचे नाव आठवून पाहावे, आणि आठवले नाही तर ज्याला आठवेल त्याला विचारावे. मेळाव्याचा आरंभ तेथूनच होतो.